संगणकातील दप्तर : जुळणी आणि जपणूक

मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय वांद्रे (पूर्व) येथे आहे. मिठी नदी तेथून फार दूर नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीकाठचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील कागदपत्रे भस्मसात झाली. दप्तराची एकच प्रत एकाच जागी ठेवणे किती धोक्याचे असते, हे अशा आपत्ती दाखवून देतात. हाच धोका संगणकातील दप्तरालाही आहे.

त्यासाठी साधन निवडताना दोन कामांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावा. ‘सिंक’ म्हणजे जुळणी. एका संगणकावर केलेला बदल दुसऱ्यावर आपोआप उमटतो. ‘बॅकअप’ म्हणजे राखीव प्रत. ती कालची स्थिती आजच्या चुकीपासून वेगळी राखते. जुळणीमध्ये चूकही तितक्याच तत्परतेने पसरते. एका टेबलावर पुसलेली फाइल दुसऱ्या टेबलावरूनही नाहीशी होते.

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विघातक प्रणालीने मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे संगणक-जाळे निकामी केले. न्हावा-शेवा येथील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांची व परवानग्यांची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर परस्परांशी जुळते राहत. ते सर्व एकाच वेळी नष्ट होतील, हे गृहीत धरलेले नव्हते. घाना देशातील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे बंद होता, म्हणून तेवढा बचावला आणि पुढील उभारणी त्याच्या आधारे झाली. जाळ्यापासून अलग असलेल्या प्रतीचे मोल यावरून कळते.

साधने विनामूल्यही मिळतात. १९९६ साली प्रसृत झालेले ‘आरसिंक’ फाइलचा केवळ बदललेला भाग पाठविते. त्यामुळे मंद जोडणीवरही काम निभते. ‘सिंकथिंग’ मध्यस्थ साठवणुकीविना संगणकांची परस्पर जुळणी करते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय त्यात आहे, परंतु ती स्वतः सुरू करावी लागते. ‘रेस्टिक’ हे मुळातच बॅकअपसाठी आहे. ते दिनांकवार प्रती सांकेतिक रूपात ठेवते, मात्र त्याचा परवलीचा शब्द हरवल्यास प्रत उघडत नाही. शासकीय माहिती खासगी सेवेवर ठेवण्यापूर्वी विभागाचे नियम अवश्य पाहावेत.

निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. पुसलेली फाइल परत मिळेल काय? साधन बंद पडल्यास ते कळेल काय? बदली झालेल्या कर्मचाऱ्यामागे नव्यास ते चालविता येईल काय?

मूल प्रत धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्य वास्तूत, हा सर्वमान्य दंडक आहे. ग्रामपंचायतीस वा शाळेस दोन बाह्य डिस्क आलटूनपालटून वापरून तो पाळता येईल. त्यांतील एक नेहमी संगणकापासून सोडवून दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद ठेवावी.

शेवटी, दर तिमाहीस एक फाइल राखीव प्रतीतून प्रत्यक्ष परत काढून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन वा विद्यार्थ्याचा दाखला विसंबून ठेवता येत नाही.