वऱ्हाडातील काळा मसाला : प्रमाण, भाजण्याचा क्रम आणि साठवण

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत, किंबहुना सगळ्या वऱ्हाडात, उन्हाळ्याच्या बेगमीची जी कामे घरोघरी होतात त्यांत पापड, कुरड्या, शेवया यांच्या बरोबरीने वर्षाचा मसाला करणे हे एक प्रमुख काम होय. या मसाल्यासंबंधी जे लेखन आढळते त्यात बहुधा जिन्नसांची यादी दिलेली असते, आणि ‘सर्व भाजून बारीक कुटावे’ एवढ्या एका वाक्यात उरलेली कृती आटोपलेली असते. प्रस्तुत लेखाचा हेतू असा दाखविण्याचा आहे की, वऱ्हाडी मसाल्याचे वैशिष्ट्य यादीत फारसे नाही. ते प्रमाणात, भाजण्याच्या क्रमात आणि या प्रदेशाच्या कोरड्या उन्हाळ्यात आहे. यादी कागदावर सहज उतरते. उरलेले ज्ञान मात्र ते करणाऱ्या स्त्रियांच्या हाती, नाकी व कानी असते, आणि त्यांच्याबरोबरच ते जाण्याचा संभव असतो.

१. संज्ञा आणि व्याप्ती

‘मसाला’ हा शब्द मुळात अरबी असून एखादी गोष्ट सुधारण्यास, तिला गुण आणण्यास उपयोगी पडणारे साहित्य असा त्याचा मूळ आशय आहे. महाराष्ट्रात या एका नावाखाली अनेक भिन्न पदार्थ येतात. पुण्याकडील गोडा मसाला हा धने, तीळ, खोबरे व दगडफूल यांवर उभा असून त्यात मिरचीला गौण स्थान आहे. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला मिरचीप्रधान व ओलसर असतो. मालवणी मसाल्यात मिरची आरंभापासूनच मिसळलेली असते आणि त्याच्या जोडीला ओल्या नारळाचे वाटण येते. नागपूरचा सावजी स्वयंपाक हलबा कोष्टी या विणकर समाजाने घडविला. त्याच्या मसाल्याचे वऱ्हाडी मसाल्याशी जवळचे नाते असले तरी दोहोंना एक मानणे योग्य नव्हे.

वऱ्हाडचा काळा मसाला हा कोरडा, गडद आणि वर्षभर टिकणारा मसाला होय. त्याचा काळेपणा कोणत्याही काळ्या जिन्नसामुळे येत नसून खोबरे व धने किती खोलवर भाजले आहेत यावर अवलंबून असतो. यात ओले काही नसते. कांदा, लसूण, आले आणि सांभार, म्हणजे इतरत्र ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, ही सर्व ओली सामग्री रस्सा करावयाच्या दिवशी ताजी वाटून घेतात. कोरडे वर्षाचे आणि ओले त्या दिवसाचे, ही विभागणी या पाकपद्धतीचा पाया आहे.

२. जिन्नसांचे मूळ

या मसाल्यातील बहुतेक जिन्नस वऱ्हाडच्या मातीत होत नाहीत. मिरे मलबारकडील, लवंग, जायफळ आणि जायपत्री यांचे मूळ मोलुक्का बेटांत, मसाला वेलदोडा हिमालयाच्या पूर्वभागातला, बाद्यान चीन व व्हिएतनामकडचे, हिंग इराण व अफगाणिस्तानातला. नारळही येथला नव्हे. तो सुक्या खोबऱ्याच्या रूपाने येतो. दगडफूल हे तर फूलच नव्हे. कवक आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झाडांच्या सालींवर व खडकांवर वाढणारे ते शैवाक आहे. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा या स्थानकांवरून नागपूरपर्यंत पोहोचला. ज्या मार्गाने वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई, त्याच मार्गाने किराणा आत येणे सुलभ झाले.

मिरचीची कथा याहून उद्बोधक आहे. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर सोळाव्या शतकात ती भारतात आली. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे ‘लीळाचरित्रा’ची रचना झाली तेव्हा या भूमीत मिरची कोणास ठाऊकही नव्हती. त्या काळी तिखटपणासाठी मिरे, सुंठ आणि पिंपळी यांचाच आधार होता. यांपैकी पिंपळी वऱ्हाडात आजही पिकते. अंजनगाव सुर्जी, अकोट व तेल्हारा या भागांत बारी समाजाचे शेतकरी पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळीचे पीक घेत आले आहेत. परंतु हा माल आता मुख्यतः औषधी व्यापारास जातो, घरच्या मसाल्यास नव्हे. म्हणजे जे स्थानिक ते मसाल्याबाहेर गेले आणि जे परकीय ते ‘वऱ्हाडी’ ठरले. यावरून एखाद्या मसाल्याचे प्रादेशिकत्व जिन्नसांच्या जन्मस्थानावरून ठरविता येत नाही, हे स्पष्ट होईल.

३. प्रमाण

प्रमाण घरोघरी बदलते. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी एक मध्यम प्रमाण पुढे देत आहोत. धने ५०० ग्रॅम. सुके खोबरे १५०. जिरे व तीळ प्रत्येकी ५०. खसखस, मिरे, दगडफूल आणि हळकुंडे प्रत्येकी २५. लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, शहाजिरे व सुंठ प्रत्येकी १५. तमालपत्र, बाद्यान, नागकेशर व खडा हिंग प्रत्येकी १०. जायपत्री ५ ग्रॅम आणि एक जायफळ. सुकी लाल मिरची सुमारे २५० ग्रॅम घेऊन ती वेगळी कुटतात. तिचे तिखट मसाल्यात मिसळावे की निराळे ठेवावे, हा घरच्या रीतीचा प्रश्न आहे.

धने ५०० ग्रॅम आणि लवंग अवघी १५ ग्रॅम, हे प्रमाण प्रथमदर्शनी विषम वाटते. परंतु धन्यात सुगंधी तेलाचे प्रमाण साधारणतः अर्धा ते एक टक्का, तर लवंगेत ते १५ ते २० टक्के असते. या हिशेबाने ५०० ग्रॅम धन्यांत अडीच ते पाच ग्रॅम, आणि १५ ग्रॅम लवंगेत सव्वादोन ते तीन ग्रॅम सुगंधी तेल येते. अर्थात वजनात तेहतीस पटींचे अंतर असलेले हे दोन जिन्नस सुगंधाच्या मापाने जवळपास समोरासमोर उभे राहतात. कोणत्याही प्रयोगशाळेच्या साहाय्यावाचून, केवळ पिढ्यांच्या चवीने हा तोल साधलेला आहे. म्हणूनच यादी कायम ठेवून लवंग दुप्पट केली तर तो मसाला नावापुरताच वऱ्हाडी राहील.

४. भाजण्याचा क्रम

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा, हा नियम सर्वत्र पाळला जातो. त्याचे कारण आकार, ओल आणि तेल या तिन्ही बाबतींत जिन्नसांत फार भेद आहे, हे होय. खसखस ज्या आचेवर क्षणात जळते, त्या आचेवर हळकुंड तापतही नाही.

क्रम सामान्यतः असा असतो. प्रथम कोरडी कढई मंद आचेवर ठेवून खसखस भाजतात. ती किंचित रंग बदलते तोच उतरवितात. नंतर तीळ, ते तडतडून उडू लागले की पुरे. त्यानंतर खोबऱ्याचा कीस, जो सतत हलवीत गडद तांबूस होईपर्यंत भाजावा लागतो. येथवर तेल लागत नाही, कारण खोबऱ्यात ६० टक्क्यांहून अधिक आणि तिळात सुमारे निम्मे तेल असतेच. मग चमचाभर तेलावर धने, पाठोपाठ जिरे व शहाजिरे. पुढे लवंग, मिरे, दालचिनी, वेलदोडे, बाद्यान, नागकेशर असा खडा मसाला. त्यानंतर हळकुंडे, सुंठ व हिंग तळून घेतात. तमालपत्र व दगडफूल हलके असल्याने अखेरीस, आच कमी करून, परततात. जायफळ व जायपत्री यांना केवळ ऊब पुरते. मिरची सर्वांत शेवटी भाजतात, कारण तिच्या खाटाने घरात बसणे अशक्य होते.

भाजताना दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी घडतात. एक म्हणजे जिन्नसांतील शर्करा आणि अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन नवे गंध व तपकिरी रंग निर्माण होतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही अभिक्रिया प्रथम वर्णिली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. दुसरी म्हणजे धन्यातील लिनॅलूलसारखी उडून जाणारी द्रव्ये उष्णतेने निघून जातात. भाजण्याने जितके मिळते तितके काही जातेही. मिळविणे आणि गमावणे यांच्यामधील योग्य क्षण ओळखणे हेच मसाला करणारीचे कौशल्य होय. तो क्षण घड्याळाने सांगता येत नाही. तिळाचा आवाज, जिऱ्याचा सुटलेला वास, खोबऱ्याचा बदललेला रंग यांवरून तो कळतो. खोबरे एकदा जळले तर त्याचा कडवटपणा सगळ्या मसाल्यात उतरतो आणि कोणत्याही उपायाने जात नाही.

५. कुटणे आणि साठवण

पूर्वी मसाला उखळात मुसळाने कुटीत. आता बहुतेक ठिकाणी तो कांडप यंत्रावर नेतात. कुटणे व दळणे यांत भेद आहे. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत घर्षणाने मसाला तापतो आणि सुगंधी तेलाचा काही अंश तेथेच उडतो. कांडपात तो त्या मानाने थंड राहतो. कोणतीही रीत असली, तरी भाजलेले जिन्नस पूर्ण निवल्यावाचून कुटू नयेत आणि कुटलेला मसाला गरम असता बरणीत भरू नये. अन्यथा आत वाफ धरते.

चैत्र-वैशाख हाच या कामाचा काळ का, याचे उत्तर हवामानात आहे. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जाणे नित्याचे असून त्या दिवसांत हवाही अत्यंत कोरडी असते. अशा उन्हात मिरची कडकडीत वाळते. ती अर्धवट वाळली तर बुरशी धरते, आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक विष तयार होते. तेव्हा ‘मिरची हातात मोडली पाहिजे’ हा घरगुती दंडक केवळ कुटण्याच्या सोयीचा नसून आरोग्यरक्षणाचाही आहे.

तेलकट जिन्नसांचे खवटणे हा साठवणीतील दुसरा प्रश्न. खोबऱ्याच्या तेलात संपृक्त मेदाचा भाग मोठा असल्याने हवेने ते लवकर बिघडत नाही. ओल मात्र त्यास सोसत नाही. खसखशीच्या तेलाचे नेमके उलट आहे. म्हणून खोबऱ्याचा शत्रू ओल आणि खसखशीचा शत्रू हवा, असे सूत्ररूपाने म्हणता येईल. घट्ट झाकणाची चिनी मातीची बरणी, मसाला दाबून भरणे, कोरडा चमचा आणि अंधारी जागा या चार नियमांनी दोन्ही शत्रूंचे निवारण होते. अंधाराने मिरचीचा रंगही टिकतो.

६. रश्श्यातील कार्य

कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतील तिखट द्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. मिरचीच्या तांबड्या रंगद्रव्यांचेही तसेच आहे. म्हणून वऱ्हाडी रश्श्यात वाटण तेलावर परतून तेल सुटल्यावरच मसाला व तिखट घालतात. पाणी घालून उकळल्यावर रंग व तिखटपणा घेऊन जे तेल वर तरंगते तीच तर्री. कच्चे असता फारसा वास न देणारे दगडफूलही तेलाच्या संगतीनेच आपला मातकट गंध सोडते. अशा रीतीने बरणीतील कोरडा मसाला हा अर्धाच तयार झालेला पदार्थ असून त्याची पूर्तता कढईत होते.

७. नोंदीचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जुनी प्रमाणे शेर, छटाक, तोळा आणि पायली यांत सांगितली जात. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने आली. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तोळा ११.६६ ग्रॅम. परंतु धने पुष्कळ घरी मापाने मोजीत आणि लवंग तोळ्याने. धने हलके असल्याने मापी शेरभर धन्यांचे वजन वजनी शेरापेक्षा बरेच कमी भरते. ‘शेरभर धने, दोन तोळे लवंग’ अशी आजीची नोंद आजच्या पिढीने सरळ ग्रॅममध्ये उतरविली, तर धने वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक पडतील आणि मसाला सपक होईल. दोष स्मरणाचा नाही, मापाचा आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप रूढ करून घरगुती पाककृतींना जी निश्चितता आणली, तिचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात येते.

हा प्रश्न केवळ रुचीचा नव्हे. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरची-मालात सुदान रंग आढळला आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच कारणाने शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. अखंड मिरची, अखंड धने डोळ्यांनी पारखता येतात. भुकटीत मात्र काय आहे हे डोळ्यास कळत नाही. घरी मसाला करण्याची रीत मोडते तेव्हा चवीबरोबर ही पारखही जाते.

तेव्हा या विषयाची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यादीवर समाधान मानू नये. प्रत्येक जिन्नस प्रत्यक्ष तोलून घ्यावा. माप वजनी की मापी ते विचारावे. भाजण्याचा क्रम आणि थांबण्याची खूण, म्हणजे आवाज, वास अथवा रंग, सांगणारीच्याच शब्दांत टिपावी. आणि काम ज्या महिन्यात झाले तो महिनाही लिहावा. नोंद अशी असली तरच ती वाचून दुसऱ्या घरी तोच मसाला पुन्हा करता येईल; आणि कोणत्याही पाककृतीच्या नोंदीची खरी कसोटी हीच होय.