हंगामाच्या गर्दींत मालाची रवानगी

पीक चांगलें आलें म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें, असा आपणांपैकीं पुष्कळांचा समज असतो. वास्तविक खळ्यांत माल तयार झाल्यापासून तो पेठेंतील काट्यावर चढेपर्यंतचे जे चार-आठ दिवस, त्यांतच वर्षाच्या कष्टाचें फळ पदरीं पडतें किंवा हातचें जातें. नांगरणी, बीं-बियाणें, खतें यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. मालाच्या रवानगीविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. म्हणून या विषयावर, पदरमोड करून मिळालेले चार विचार शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

आमचें धर्माबाद लाल मिरचीच्या पेठेकरितां प्रसिद्ध आहे. गोदावरीपलीकडील तेलंगणांतूनही येथें मिरची येते. माघापासून चैत्रापर्यंत पेठेंत पाय ठेवावयास जागा नसते. अडचण अशी कीं, याच दिवसांत नांदेड-लातूर भागांत हरभरा निघतो, हळदीची काढणी सुरू होते, आणि साखर कारखान्यांकडे ऊसही जात असतो. सर्वांस मालमोटारी त्याच हव्या, हमाल तेच हवे, आणि पुष्कळांस मार्चअखेर कर्जाचा भरणाही करावयाचा असतो. तात्पर्य, गर्दी होते ती एकट्या मालाची नव्हे; पैशाच्या निकडीचीही होते.

ही गर्दी नवी नाहीं. सन १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि आमच्या भागाचा मनमाडशीं संबंध जडला. ही लाईन मीटरगेज. मनमाडास मुंबईची जी. आय. पी. रेल्वे मात्र ब्रॉडगेज. त्यामुळें मुंबईकडे जाणारा प्रत्येक डाग मनमाडास एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावा लागे. आपल्या स्टेशनावर डबा वेळेवर मिळाला तरी माल अडून पडण्याची जागा ती होती. यांत एक धडा आहे. गाडी धांवतांना सहसा वेळ जात नाहीं. माल जेथें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो, तेथें खोळंबा होतो. घागर केवढीही मोठी असली तरी पाणी तिच्या गळ्याच्या मापानेंच बाहेर पडतें.

सन १९९० नंतरच्या दशकांत मनमाडकडून रूळ रुंद करण्याचें काम सुरू झालें व पुढें आमची लाईन ब्रॉडगेज झाली. मनमाडची ती उलथापालथ संपली. परंतु मध्यंतरीं रेल्वेनेंही आपली रीत बदलली होती. सुट्या पोत्यांची व एकेका डब्याची वाहतूक मागें पडून संपूर्ण गाडी, म्हणजे रेक, भरून माल नेण्याकडे तिचा कल झाला. बंद डब्यांच्या एका रेकमध्यें चाळिसांहून अधिक डबे असतात आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल मावतो. दहा-वीस क्विंटल मिरचीच्या धन्यास तिचा काय उपयोग ? म्हणून आज आपली सारी भिस्त मालमोटारीवर आहे. मनमाडचा गळा गेला, पण गळा म्हणून जो कांहीं असतो तो नाहींसा झालेला नाहीं. आतां तो आपल्या खळ्यावर, काट्यावर आणि बाजार-आवारापुढील रांगेंत आहे.

हें मला कसें उमगलें तें सांगतों. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी करून निवृत्त झाल्यावर मी घरची शेती पाहूं लागलों. पहिल्याच हंगामांत दूरच्या एका पेठेंत भाव चढल्याचें वर्तमान आलें. आम्हीं चौघा शेजाऱ्यांनीं प्रत्येकीं पंचवीस, अशीं शंभर पोतीं एकत्र पाठविण्याचें ठरविलें. मोटार फोनवर तोंडी ठरविली. दिवस सांगितला, परंतु ती न आल्यास पुढें काय, हें ठरविलें नाहीं. मोटार आली ती तिसऱ्या दिवशीं. मध्यंतरीं एका रात्रीं अवकाळी पाऊस झाला. वर ताडपत्री होती, पण खालून पाणी शिरून तळचीं दहा-बारा पोतीं ओलावलीं. तीं वेगळीं काढावीं असें एका शेजाऱ्यानें सुचविलें. मोटारवाला घाई करीत होता. तेवढ्याकरितां भाडें फुकट कां घालवावें, असें मींच म्हटलें. सारीं पोतीं सरमिसळ भरलीं. पेठेस पोंचलों तों बाजारास सुटी, आणि सुटीनंतर रांग. चौथ्या दिवशीं पोतीं उघडलीं तेव्हां ओल्या पोत्यांनीं शेजारचींही नासविलीं होतीं. मिरची काळवंडली होती आणि तिला बुरशीचा वास येत होता.

भाव पडला. शिवाय सात पोतीं कमी भरलीं. भरपाई मागण्याकरितां खिशांतील कागद काढला, तों त्यावर वजन नव्हतें, किंमत नव्हती, तारीखही नव्हती. ज्यानें तीस वर्षें लोकांचे अर्ज ‘अपुरा’ असा शेरा मारून परत केले, त्यानें असा कागद न वाचतां खिशांत ठेवला होता. आमच्यांतील वडील शेजारी, ज्यांस मी काका म्हणतों, एवढेंच बोलले, “तूं कचेरींतला, म्हणून आम्हीं कागद पाहिला नाहीं रे.” त्यांचा कर्जाचा हप्ता तोंडावर होता. त्यांनीं दुभती म्हैस विकून तो भरला.

आतां हिशेब पाहूं. शंभर पोतीं, दर पोत्यास ४० किलो, म्हणजे ४० क्विंटल माल. उदाहरणाकरितां भाव किलोस १२० रुपये व भाडें क्विंटलास १५० रुपये धरूं. मालाची किंमत होते ४,८०,००० रुपये, आणि भाडें ६,००० रुपये. भाड्यांत क्विंटलामागें २० रुपयांची घासाघीस केली तर आपण ८०० रुपये वांचवितों. परंतु खोळंब्यानें रंग उतरून भाव किलोस पांच रुपयांनीं जरी घसरला, तरी २०,००० रुपये जातात. आपली नजर भाड्यावर खिळलेली असते. नुकसान मात्र वायां गेलेल्या दिवसांत होतें. यास्तव पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावें.

पहिली गोष्ट वाळवण. तोडलेल्या पिकल्या मिरचींत निम्म्याहून अधिक पाणी असतें. तें शेंकडा दहा-अकरापर्यंत उतरल्याशिवाय माल पोत्यांत भरूं नये. हलविली असतां आंतील बी खुळखुळतें कीं नाहीं, ही घरची परीक्षा. ओल राहिल्यास बुरशी धरते व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होऊं शकतें. पोतीं जमिनीस न टेकवितां फळ्यांवर रचावीं. भिजलेलीं पोतीं कितीही थोडीं असोत, तीं चांगल्या मालांत घालूं नयेत. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यावर झालेली गारपीट आपण विसरलों नाहीं; या दिवसांत आकाश कोरडें राहील असें गृहीत धरणें धोक्याचें आहे.

दुसरी गोष्ट दिवसांची उलट मोजणी. माल कोणत्या दिवशीं पेठेच्या काट्यावर हवा, तें आधीं ठरवावें; तेथून मागें मोजीत प्रवास, भराई, पोतीं शिवणें व वाळवण यांचे दिवस मांडावे. महाशिवरात्र, होळी, मार्चअखेरचे हिशेब यांमुळें बाजार कधीं बंद राहणार, हें बाजार समितींत आधीं विचारावें. मोटार भरण्यापूर्वीं तेथील आडत्यास फोन करून रांग किती आहे तें समजून घ्यावें. चढा भाव ऐकून सारेच एका पेठेकडे धांवतात, आणि माल पोंचेपर्यंत तो भाव राहत नाहीं.

तिसरी गोष्ट मोटारीचा ठराव. तो गर्दी होण्यापूर्वीं, शक्य तर पौष महिन्यांतच, लेखी करावा. दिवस व वेळ, पोत्यांची संख्या, भाडें, हमाली कोणी द्यावयाची, उतराईकरितां किती तास मोकळे, आणि त्यापुढें दिवसाचें हॉल्टिंग किती, एवढीं कलमें पुरेत. एकट्या शेतकऱ्यास हंगामांत असा ठराव कोण लिहून देणार, असें कोणी म्हणेल. हें खरें आहे. परंतु तीस-चाळीस शेतकऱ्यांनीं आपसांत पाळ्या लावून आठवड्यास ठराविक फेऱ्यांची हमी दिली, तर मोटारवाल्यासही ती हवीच असते. त्यालाही रिकामें उभें राहणें परवडत नाहीं.

चौथी गोष्ट कागद. सडकेवरील मालवाहतुकीस १८६५ चा जुना कायदा जाऊन आतां २००७ चा कायदा लागू आहे. त्याप्रमाणें वाहतूकदाराची नोंदणी झालेली असली पाहिजे. मालाचें वर्णन व किंमत आपण मालपत्रांत लिहून द्यावी, आणि त्यानें आपणांस पावती, म्हणजे बिल्टी, द्यावी. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत पोंचली पाहिजे. अधिक महत्त्वाचें असें कीं, जास्त जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर भरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटींपर्यंतच मिळते. वरील उदाहरणांत माल ४,८०,००० रुपयांचा, पण भरपाईची मर्यादा अवघी ६०,००० ! म्हणून किंमत लिहून जास्त दर द्यावा, किंवा प्रवासाचा विमा उतरावा. भरलेल्या मोटारीचें वजन करून काट्याची चिठ्ठी बिल्टीस जोडावी.

पांचवी गोष्ट, सर्व माल एकदम काढूं नये. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. तूर, सोयाबीन, हरभरा, हळद असा माल बाजार समितीच्या गोदामांत ठेवून त्याच्या किंमतीवर कर्ज मिळतें. आपल्या समितींत ती चालू आहे कीं नाहीं याची चौकशी करावी. हप्त्याची निकड तेवढ्यानें भागली, तर मिरची सवडीनें दोन-तीन खेपांत पाठवितां येते.

थोड्या-थोड्या मालाची मोट बांधतां येते, हें रेल्वेनेंही दाखवून दिलें आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल सुटली. तींत वाटेंतील स्टेशनांवर लहान शेतकऱ्यांच्या फळांचे व भाज्यांचे डागही घेतले जात. अनेकांचा थोडा माल एका वेळीं, एका जागीं जमविणें हेंच त्यांतील मर्म. हें काम गांवोगांवच्या शेतकरी मंडळांस व उत्पादक कंपन्यांस करतां येण्याजोगें आहे. त्यास भांडवलापेक्षां शिस्त अधिक लागते.

गतवर्षीं आम्हीं चौघांनीं पुन्हां एकत्र माल पाठविला. मात्र दोन खेपांत, लेखी ठरावानें. मोटार अर्धा दिवस उशिरां आली, आणि भाडें क्विंटलामागें दहा रुपये जास्त पडलें. पोतीं मात्र सर्व पोंचलीं व मिरचीचा रंग टिकला. बिल्टी हातांत आल्यावर मी ती घडी करूं लागलों, तों काकांनीं हात पुढें केला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ती वाचून काढली. मग म्हणाले, “आतां जाऊं दे गाडी.” माझी सर्व बंधूंस विनंती आहे कीं, कागद कोणाच्याही भरंवशावर सोडूं नये. तो गाडी हलण्यापूर्वीं वाचावा.