छातीचा श्वास की भात्याचा वारा?

मराठीच्या मास्तराने इंजिनात डोके कशाला घालावे, असे कुणी म्हणेल. पण शर्यतीच्या गाडीची ताकद कशी वाढवायची, हा वाद आमच्या वाङ्मयीन वादांपेक्षा बरा. त्याचा निकाल तरी लागतो!

जास्त ताकद हवी तर पेट्रोल जास्त जाळायला हवे, आणि त्याला हवा जास्त हवी. इंजिनाने स्वतःच्या छातीने श्वास घ्यायचा, तर छाती मोठी करा किंवा श्वास जलद करा. नाही तर लोहाराच्या भात्यासारखी हवा आत कोंबा. टर्बोचार्जर हा तो भाता. मात्र तो ओढायला पोऱ्या लागत नाही. बाहेर पडणारा धूरच एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत लोटते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

फॉर्म्युला वनच्या नियमांनी १९६६ पासून दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. साधे इंजिन ३ लिटरचे, भात्याचे दीड लिटरचे! ही निम्मेपणाची अट वाचून बहुतेकांनी पहिली वाट धरली. कीथ डकवर्थने आखलेले कॉसवर्थचे डीएफव्ही इंजिन १९६७ साली झांडव्होर्टला, जिम क्लार्कच्या हाती, पदार्पणातच जिंकले. पुढे ते विकत मिळू लागले आणि लहान संघांचीही सोय झाली.

रेनोने मात्र १९७७ साली सिल्व्हरस्टोनला टर्बोची गाडी उतरवली. ती इतक्यांदा धूर सोडत थांबे की तिला ‘पिवळी किटली’ हे नाव पडले. हसणे सोपे होते. दाबलेली हवा तापते, तिच्यामुळे पेट्रोल अवेळी पेटते आणि पिस्टन जळतात. हवा निववायला इंटरकूलर बसवावा, तर वजन वाढते. शिवाय चालकाने पाय दाबला तरी चक्र वेग घेईपर्यंत ताकद येत नाही; मग ती एकदम येते, आणि तेवढ्यात वळण संपलेले असते!

१९७९ साली हसणे थांबले. दक्षिण आफ्रिकेतले क्यालामी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच. तिथल्या विरळ हवेत साध्या इंजिनांना धाप लागली आणि जाबुईची रेनो सर्वांच्या पुढे उभी राहिली. शर्यत तिला मिळाली नाही. ती मिळाली जुलैत, दिजाँला.

घरच्या गाडीला मागाहून टर्बो चढवू पाहणाऱ्या तरुणांनी रेनोची ही दोन वर्षे हिशेबात धरावीत. साध्या इंजिनाचे पिस्टन, क्लच नि गिअरबॉक्स त्या भारासाठी घडवलेले नसतात. एक्झॉस्ट आणि कॅमशाफ्ट सुधारून थोडेच पदरी पडते, पण पाय दाबताच पडते. घाटातल्या वळणांवर मला तरी तेच पसंत आहे.

टर्बोच्या पहिल्या जगज्जेतेपदाचे वर्ष १९८३, चालक नेल्सन पिके. त्याच वर्षी डिट्रॉइटच्या काटकोनी रस्त्यांवर आल्बोरेटोची टिरेल जिंकली. तिच्यात कॉसवर्थचे, आपल्याच छातीने श्वास घेणारे इंजिन होते.