नक्कल आहे, पण हाताची आहे

आपल्या घरातल्या भिंतींवरची चित्रं किती बदलली, नाही? आमच्या आजीच्या माजघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या तैलचित्रांच्या छापील प्रती साध्यासुध्या घरांत पोचल्या. आता फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर परदेशी चित्रं दिसतात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे पडके खांब, अर्धी उरलेली कमान, तिच्यावर माजलेलं गवत आणि वर निळसर आभाळ. प्राचीन रोमचे भग्नावशेष!

माझ्या जाऊबाईंनी असंच एक चित्र मागवलं. छापील नव्हे, कॅनव्हासवर तैलरंगात हाताने काढलेलं. आल्यागेल्याला त्या कौतुकाने दाखवायच्या. एकदा एका पाहुणीने विचारलं, "ओरिजिनल आहे?" "नाही हो, कॉपी आहे." "हं, नक्कल होय!" एवढं म्हणून ती चहाकडे वळली. जाऊबाईंचा चेहरा पडला. चित्र काढून ठेवते म्हणाल्या. मला मात्र वाटलं, या 'नक्कल' शब्दात एवढं लागण्यासारखं आहे तरी काय? मग मी त्या चित्राच्या मागेच लागले.

मूळ चित्र जोव्हानी पाओलो पानिनी या इटालियन चित्रकाराचं. जन्म १६९१, मृत्यू १७६५. त्या काळी कॅमेरा नव्हता. युरोपातले श्रीमंत तरुण शिक्षणाचा भाग म्हणून रोमला जायचे आणि परतताना आठवण म्हणून असं चित्र घेऊन यायचे. पानिनी तर अशी गंमत करायचा की, शहराच्या चार कोपऱ्यांतले अवशेष एकाच चौकटीत शेजारी शेजारी मांडायचा. आपल्याकडे कुणी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, दौलताबादचा चांदमिनार आणि विजापूरचा गोलघुमट एकाच अंगणात दाखवावेत, तसंच!

त्याचं 'प्राचीन रोम' हे चित्र प्रसिद्ध आहे. एक भलंमोठं काल्पनिक दालन आणि त्याच्या भिंतींवर कोलोसियम, पँथिऑन वगैरेंची चित्रं टांगलेली. मजा पुढेच आहे. दालनाच्या मध्यभागी तरुण कलाकार एका रोमन भित्तिचित्राची नक्कल करताना दाखवलेत! ते भित्तिचित्र आहे लग्नघरातल्या नवरीचं. शिवाय 'प्राचीन रोम' पानिनीने एकदाच काढलं नाही. एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, १७५७ सालचं. दुसरं जर्मनीत श्टुटगार्टला, तिसरं पॅरिसच्या लूव्रमध्ये. म्हणजे चित्रकार स्वतःच आपल्या चित्राच्या आवृत्त्या काढत होता. हे सांगितल्यावर जाऊबाई एकदम खुलल्या.

पानिनीचा प्रभाव ह्यूबेर रोबेर या फ्रेंच चित्रकारावर पडला. १७५४ ते १७६५ अशी अकरा वर्षं तो रोममध्ये राहिला. त्याला 'भग्नावशेषांचा रोबेर' असंच म्हणत. मला त्याची चित्रं जास्त आवडतात, कारण त्यांत बायका आहेत. सम्राटांनी उभारलेल्या खांबांच्या पायथ्याशी त्या कपडे धुताहेत, वाळत घालताहेत. साम्राज्य गेलं, धुणं राहिलं! फ्रेंच राज्यक्रांतीत रोबेर तुरुंगात पडला, तर तिथे बशांवर चित्रं काढून विकत असे. १७९६ मध्ये त्याने लूव्रचं दालन पडून गेल्यावर कसं दिसेल, याची कल्पना रंगवली. छप्पर कोसळलंय, आणि त्या ढिगाऱ्यात एक कलाकार बसून एका प्राचीन पुतळ्याचं चित्र काढतो आहे.

नक्कल करणाऱ्याला आपण हलका समजतो, पण शिकण्याची तीच तर जुनी वाट. बायकांना तर कितीतरी काळ तीच उघडी होती. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना प्रवेश दिला तो १८९७ मध्ये. त्याआधी लूव्रमध्ये परवाना काढून त्या जुन्या चित्रांच्या प्रती करत. बेर्त मोरिझो ही पुढे नावाजलेली चित्रकार तिथेच नकला करत शिकली. चर्चसाठी धार्मिक चित्रांच्या प्रती करून कित्येकींनी चार पैसे मिळवले. लूव्रमध्ये आजही नक्कल करायला परवानगी मिळते, पण नियम कडक. प्रत मूळ चित्राएवढ्याच मापाची करायची नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. प्रामाणिक नक्कल आणि फसवणूक यांतली रेघ हीच.

आज अशा प्रती मोठ्या संख्येने चीनमधल्या शेंझेन शहरातल्या दाफेन या वस्तीतून येतात. १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक व्यापारी काही चित्रकार घेऊन तिथे गेला आणि वस्तीच चित्रांची झाली. तिथल्या झाओ शियाओयोंग या चित्रकारावर २०१६ मध्ये एक माहितीपट आला. वीसेक वर्षं व्हॅन गॉगच्या नकला काढून तो ॲम्स्टरडॅमला गेला, तेव्हा कळलं की आपली चित्रं कलादालनात नाही, तर पर्यटकांच्या दुकानात विकली जाताहेत, तीही आपल्याला मिळतात त्याच्या कितीतरी पट पैशांत.

हे वाचताना मला आमच्या बचत गटातल्या गोधड्या शिवणाऱ्या बायका आठवल्या. महिनाभर टाके घालायचे त्यांनी, आणि दुकानातल्या चिठ्ठीवर नाव भलत्याचंच!

तेव्हा मैत्रिणींनो, असं चित्र घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. रोबेर-पानिनीसारख्या फार जुन्या चित्रकारांच्या प्रती काढायला हक्कांची अडचण नसते. हल्लीच्या चित्रकाराचं असेल तर मात्र त्याची परवानगी लागते. छापील कॅनव्हासवर वरून पारदर्शक थर देऊन 'हाताने काढलेलं' म्हणून विकतात, म्हणून चित्र तिरप्या उजेडात धरून पाहा. कुंचल्याचे फटकारे खांबाच्या, पानांच्या आकाराप्रमाणे वळताहेत का, भिंगातून छपाईचे ठिपके दिसतात का, ते तपासा. आणि एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा, "काढलं कोणी?" नाव मिळालं तर चित्राच्या मागे लिहून ठेवा. नक्कल असली म्हणून काय झालं, कुणीतरी दिवसचे दिवस उभं राहून ती काढली आहे. तो हात काही नकली नव्हता.