मंगळावरील गाडी आणि स्मृतीची वांटणी

२१ जानेवारी २००४ रोजीं मंगळ ग्रहावरील ‘स्पिरिट’ नांवाची सहा चाकांची गाडी एकाएकीं अबोल झाली. गुसेव्ह विवरांत उतरून तिला तीन आठवडेही झाले नव्हते. कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे अभियंते तिला हांका मारीत. परंतु एक हांक पोंचावयास सुमारें दहा मिनिटें लागत, आणि उत्तर आलेंच तर तें अर्धवट येई. दुखण्याचें मूळ चाकांत नव्हतें, रेडिओंतही नव्हतें. तें संगणकाच्या स्मृतींत, म्हणजे मेमरींत होतें.

अशा यंत्रांत ‘रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम’ असते. तेथें काम बरोबर होऊन भागत नाहीं. तें नेमल्या क्षणाच्या आंत झालें पाहिजे. वसतिगृहांत घंटा वाजतांच ताट वाढलेलें असावें लागतें, तसेंच हें. घरच्या संगणकांत प्रत्येक काम लागेल तशी मेमरी मागतें आणि मागाहून परत करितें. पण जागा शोधण्यास किती वेळ लागेल, याचा नेम नसतो. सभागृहांत दहा खुर्च्या मोकळ्या असल्या, तरी त्या विखुरलेल्या असतील तर चौघां भावंडांस शेजारीं बसतां येत नाहीं. मेमरीचेंही असेंच तुकडे तुकडे होतें. आणि ती मुळींच उरली नाहीं तर?

स्पिरिटवर नेमकें हेंच घडलें. छायाचित्रें व नोंदी वीज गेली तरी टिकणाऱ्या २५६ मेगाबाइटांच्या ‘फ्लॅश’ भांडारांत ठेवीत. त्या भांडाराची सूची मात्र १२८ मेगाबाइटांच्या चालू मेमरींत असे. सात महिन्यांच्या प्रवासांत आणि नंतर फाईली सांचत गेल्या. फाईल पुसली तरी सूचींतील तिची जागा सुटत नसे. ही सूची किती वाढावी यास मर्यादा घातलेली नव्हती. शिवाय मेमरी न मिळाल्यास ‘नाहीं’ असें उत्तर मिळण्याऐवजीं मागणारें कामच थांबवून ठेवावें, अशी दुसरी चूक मांडणींत राहिली होती. एक काम अडलें, त्याची वाट पाहणारीं अडलीं, आणि संगणक स्वतःस पुन्हा सुरू करूं लागला. सुरू होतांच तो प्रथम तीच सूची वाचावयास घेई आणि पुन्हा तेथेंच अडखळे! असें साठांहून अधिक वेळां झालें. रात्रीं झोंप नाहीं, त्यामुळें विजेचा सांठाही ओसरूं लागला.

अखेर अभियंत्यांनीं फ्लॅशला न शिवतां सुरू होण्याची आज्ञा धाडली, आणि गाडी शुद्धीवर आली. पुढें तें भांडार पुसून नव्यानें मांडलें व फेब्रुवारींत काम पूर्ववत् चालूं झालें.

२००६ सालीं त्याच प्रयोगशाळेंतील जेरार्ड होल्झमन यांनीं आज्ञावली लिहिण्याचे दहा नियम प्रसिद्ध केले. त्यांतील तिसरा असा : आरंभींची मांडणी संपल्यावर नवी मेमरी मागूं नये. म्हणजे प्रत्येक कामाचा वांटा आधींच मोजून ठेवावयाचा; अथवा सारख्या मापाचे ठोकळे राखून ठेवून त्यांतलाच एक द्यावयाचा व परत घ्यावयाचा. यांत कांहीं मेमरी रिकामी पडून राहते खरी. मला तो उधळेपणा वाटत नाहीं. पंगतींत दोन पानें जास्त मांडावींच लागतात.

नव्वद मंगळ-दिवसांसाठीं योजिलेल्या स्पिरिटचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजीं आला.