फेअरवे वुडची निवड

गोल्फमध्ये फेअरवेवरच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यातल्या, आखूड गवतात पडलेला चेंडू लांब मारण्यासाठी फेअरवे वुड वापरतात. पूर्वी त्याचे डोके पर्सिमन लाकडाचे असे. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा वुड) आणला आणि पुढे पोलाद, टायटॅनियम रूढ झाले.

निवडीत सर्वांत महत्त्वाचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन. ३ नंबरच्या वुडचा लॉफ्ट साधारण १५ अंश, ५ नंबरचा १८-१९ आणि ७ नंबरचा २१-२२ अंश असतो. कागदावर ३ नंबरचा पल्ला सर्वांत जास्त. पण मध्यम वेगाने स्विंग करणाऱ्याचा चेंडू त्यावरून पुरेसा उंच उठत नाही आणि लवकर खाली येतो. अशा खेळाडूचा ५ नंबरचा फटका अनेकदा तितकाच लांब जातो, शिवाय सरळही. नवख्याने ५ नंबरपासूनच सुरुवात करावी, हे उत्तम.

निवड जमिनीवरही अवलंबून असते. उदाहरणार्थ, सुरतेत जून ते सप्टेंबर काळी माती भिजलेली असते. ओल्या गवतावर चेंडू फारसा घरंगळत नाही, त्यामुळे हवेतला पल्लाच कामी येतो आणि जास्त लॉफ्ट फायद्याचा ठरतो. उन्हाळ्यात टणक जमिनीवर ३ नंबरचा सखल फटका पुढे धावतो.

डोके बुटके आणि वजन तळाशी असलेले घ्यावे; चेंडू सहज उचलला जातो. शाफ्टचा, म्हणजे क्लबच्या दांड्याचा, लवचिकपणा स्विंगच्या वेगाशी जुळायला हवा: संथ स्विंगला जास्त लवणारा शाफ्ट. खरेदीपूर्वी चाचणीचे फटके चटईऐवजी गवतावरून मारावेत, कारण चटईवर चेंडूच्या जरा मागे बसलेला फटकाही निभावून जातो. बॅगेत १४ क्लबांचीच मुभा असल्याने वुडला जागा देण्यासाठी एखादा लांब आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) वगळावा लागू शकतो.