वाऱ्याचा धक्का रोपाला कसा कळतो? पेशीवरचे ‘स्पर्शग्राहक’ आणि कणखर रोपांची निर्मिती

शेडनेटमधून आणलेली टोमॅटोची रोपे दिसायला देखणी असतात. हिरवीगार, एकसारखी, वीतभर उंच. पण लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारचा वारा सुटला, की त्यातली बरीच रोपे बुंध्यात वाकतात. काहींचे खोड मल्चिंग पेपरच्या तापलेल्या छिद्राच्या कडेला घासते आणि तिथेच मोडते. मग नांग्या भरायच्या, आणि एकाच प्लॉटमध्ये दोन वयाची झाडे सांभाळत बसायचे. त्याच वाणाची, उघड्या गादीवाफ्यावर वाढलेली रोपे मात्र बुटकी, जाड खोडाची आणि तग धरणारी निघतात.

यात सावलीचा आणि ट्रेमधील दाटीचा वाटा आहेच. प्रकाशासाठी रोपे उंच धावतात. पण आणखी एक कारण आहे, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शेडनेटमधल्या रोपाला कोणी हलवलेले नसते. वारा नाही, पावसाचा मारा नाही, शेजारच्या पानाचा घासा नाही. खोड जाड करण्याचा निरोपच त्याला मिळालेला नसतो.

हा निरोप येतो कुठून?

वनस्पतीला मज्जातंतू नाहीत, तरी तिची जवळपास प्रत्येक पेशी ओढ आणि दाब ओळखते. पेशीच्या आत पाण्याचा दाब असतो आणि तो बहुधा मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त भरतो. हा दाब तोलून धरते ती बाहेरची पेशीभित्तिका. सेल्युलोजचे चिवट धागे आणि त्यांच्यामध्ये पेक्टिनचा लगदा, अशी तिची बांधणी असते. जॅम घट्ट करते तेच हे पेक्टिन. भित्तिकेला आतून चिकटून पेशीचे पातळ पटल असते. खोड वाकले की एका बाजूची भित्तिका ताणली जाते, दुसऱ्या बाजूची दबते, आणि पटलालाही ओढ बसते.

या पटलात दोन प्रकारचे पहारेकरी बसलेले असतात. पहिला प्रकार म्हणजे दारे. ही प्रथिनांची बनलेली असून पटल ताणले की उघडतात आणि भारित कण आत-बाहेर करतात. दुसरा प्रकार ग्राहक प्रथिनांचा, म्हणजे रिसेप्टरचा. त्यातले सर्वांत जास्त अभ्यासलेले नाव आहे फेरोनिया. याचे एक टोक पटलाबाहेर येऊन भित्तिकेतील पेक्टिनला धरते, तर दुसरे टोक पेशीच्या आत असते. मोटेचा नाडा ओढल्यावर ताण दोन्ही टोकांना कळतो, तसेच काहीसे हे आहे. बाहेर भित्तिका हलली की आतले टोक दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून पुढचे काम सुरू करते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेरोनिया नसलेल्या रोपांची मुळे वाकवली, तेव्हा कॅल्शिअमचा नेहमीचा इशारा बिघडलेला दिसला. अर्थात फेरोनिया हे काम एकटे करत नाही. इतरही प्रथिने सोबत असतात.

धक्का बसल्यावर काही सेकंदांत पेशीतील कॅल्शिअम वाढते. त्यानंतर जनुके जागी होतात. हा शोध लागला तो थोडा अपघातानेच. अमेरिकेत जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस संजीवक फवारून कोणती जनुके जागी होतात ते पाहत होते. तुलनेसाठी नुसते पाणी फवारलेल्या झाडांतही तीच जनुके जागी झाली! संजीवकाचा संबंध नव्हता, फवाऱ्याचा स्पर्शच पुरेसा होता. 1990 मध्ये हे प्रसिद्ध झाले. स्पर्शानंतर 10 ते 30 मिनिटांत या जनुकांचे काम 100 पटींपर्यंत वाढलेले आढळले. त्यांतले एक जनुक कॅल्शिअमला पकडणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन तयार करते.

पुढे इथिलीन आणि जास्मोनेट ही संजीवके कामाला लागतात. धक्के रोज बसत राहिले तर खोडाची लांबी कमी भरते आणि बऱ्याच पिकांत खोड जाडही होते. जास्मोनेट हे अळीने पान कुरतडल्यावर तयार होणारे संजीवक आहे. म्हणून 2012 च्या एका अभ्यासात वारंवार स्पर्श केलेली अरॅबिडॉप्सिसची रोपे एका पाने खाणाऱ्या अळीला आणि बोट्रायटिस बुरशीलाही जास्त तोंड देताना दिसली. हा निष्कर्ष थेट आपल्या टोमॅटोला लावून फवारणी थांबवू नये.

रोपवाटिकेत काय करता येईल

जपानमध्ये गहू-बार्लीची कोवळी रोपे पायाने तुडवण्याची जुनी पद्धत आहे. तुडवायची गरज आपल्याला नाही. टोमॅटोच्या ट्रेमध्ये दोन-तीन खरी पाने आल्यावर, रोपे दाट होऊन एकमेकांवर रेलण्याआधी, गुळगुळीत पीव्हीसी पाइप शेंड्यांवरून अलगद फिरवावा. शेंडे हलके वाकून परत सरळ झाले पाहिजेत, इतकाच दाब हवा. रोज 10 ते 20 फेऱ्या पुरतात. लागवडीपर्यंत खंड पडू देऊ नये, कारण थांबल्यावर काही दिवसांतच रोप पुन्हा पूर्वीच्या वेगाने उंच होऊ लागते. टोमॅटोवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत अशा रोपांचे पुढचे उत्पादन घटले नाही. काकडी आणि वांग्याची रोपेही याला चांगला प्रतिसाद देतात. ढोबळी मिरचीची पाने मात्र सहज फाटतात. मिरचीवर्गात हा प्रयोग करायचाच असेल तर एका ट्रेवर करून पाहावा.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. पाने ओली असताना पाइप फिरवू नये. दव किंवा पाणी असताना जिवाणूजन्य ठिपक्यांचा रोग एका ट्रेमधून साऱ्या रोपवाटिकेत जातो. टोमॅटो आणि मिरचीतील तंबाखू मोझॅक विषाणू तर नुसत्या हाताच्या स्पर्शानेही पसरतो. म्हणून पाने आकसलेली किंवा चट्टेपट्टे असलेली रोपे आधी काढून टाकावीत, पाइप साबणाने धुवावा, आणि तंबाखू मळून तसेच रोपांत शिरू नये. रोग आधीच दिसत असेल तर हा उपाय सोडून द्यावा. अशा वेळी शेवटच्या आठवड्यात बाजूची नेट वर करून वारा आत घेणे आणि पाणी थोडे कमी करणे हा जास्त सुरक्षित मार्ग आहे. वाढरोधक रसायनाची फवारणी करण्याआधी तर हे नक्कीच करून पाहावे.

उभ्या पिकाला मात्र वारा खाऊ द्यावा असा याचा अर्थ नाही. सतत हलणारे झाड आपली ताकद खोडावर खर्च करते, उंची आणि पानांचा विस्तार आखडतो. केळीत तर पाने फाटतात, झाडेच कोलमडतात. तिथे शेवरी, गिरीपुष्पाची वारारोधक ओळ हवीच.

मुळालाही हाच प्रश्न पडतो

जमिनीत मुळाला वाऱ्याऐवजी कडक थर भेटतो. अरॅबिडॉप्सिसच्या मुळाच्या टोपीत पिझो नावाचे दाब ओळखणारे प्रथिन आहे. आपल्या त्वचेला स्पर्श कळतो तो याच कुटुंबातील प्रथिनामुळे, आणि ते शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना 2021 मध्ये नोबेल विभागून मिळाले. पिझो नसलेली मुळे कडक माध्यमात नीट शिरत नाहीत.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. दबलेल्या मातीत हवेची पोकळी कमी असते, त्यामुळे मुळातून निघणारा इथिलीन वायू दूर न जाता मुळापाशी साचतो आणि मूळ लांब वाढणे थांबवते. इथिलीनचा इशारा न कळणारी भाताची मुळे त्याच दबलेल्या मातीत पुढे घुसली. म्हणजे मूळ अनेकदा ताकद संपल्यामुळे थांबत नाही, इशारा मिळाल्यामुळे थांबते.

आपल्याकडे हा थर आपणच तयार करतो. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालणे आणि दरवर्षी त्याच खोलीवर रोटाव्हेटर चालवणे, ही दोन मोठी कारणे. पाणी दिल्यानंतर वाफशावर लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबून पाहावी. शेतात दहा-बारा ठिकाणी ती वीतभर खोलीवर एकदम अडत असेल आणि उपटलेल्या झाडाची मुळे त्याच खोलीवर आडवी वळलेली दिसत असतील, तर कडक थर आहे असे समजावे. तो फोडण्यासाठी सबसॉयलर उन्हाळ्यात, खालचा थर कोरडा असतानाच चालवावा. ओल्यात चालवला तर थर फुटत नाही, फक्त चीर पडते. त्यानंतर शेणखत किंवा ताग-धैंचा, आणि वाफसा येईपर्यंत रानात चाक घालायचे नाही.